काटा हलत नाहीये म्हणून चालणं सोडू नका: वजनाशिवाय तब्येत कशी मोजायची

मार्च २०२५ मध्ये मौंजारो हे वजन उतरवायचं इंजेक्शन भारतात आलं, जूनमध्ये तसंच वेगोव्ही आलं, आणि तेव्हापासून घरात, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत सगळीकडे एकच विषय, कोणाचं किती किलो उतरलं. इंजेक्शन घेणारे किलोत बोलतात, जिमवाले किलोत बोलतात, डाएटची पॅकेजं विकणारे तर "९० दिवसांत १० किलो" याच भाषेत बोलतात. आणि या सगळ्या गलक्यात एखादी बाई असते जिने दोन-तीन महिन्यांपासून रोज सकाळी चालायला सुरुवात केलीये, चहातली साखर सोडलीये, रात्रीचं जेवण आठच्या आत उरकतेय, ती काट्यावर उभी राहते आणि काटा जिथल्या तिथे. मग ती म्हणते माझ्या शरीराला हे मानवतच नाही, आणि चालणं बंद.

मला हे बघून फार वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा त्या दोन-तीन महिन्यांत तिच्या शरीरात खूप काही चांगलं झालेलं असतं, फक्त ते काट्यावर दिसत नाही. उलटंही होतं, एखाद्याचं वजन वर्षानुवर्षं "नॉर्मल" असतं, सगळे म्हणतात तुला काय झालंय, आणि चाळिशीत अचानक शुगर निघते. दोन्हीकडे चूक त्या माणसाची नसते, मोजायचं चुकलेलं असतं.

## काटा नक्की काय सांगतो?

अंगातल्या सगळ्याची एकत्र बेरीज. हाडं, स्नायू, चरबी, रक्त, पाणी, सकाळी पोट साफ झालं नसेल तर तेही, आणि रात्री उशिरा खाल्लेली पावभाजीसुद्धा. जुना दागिना मोडायला सराफाकडे नेला की तो आधी वजन करतो हे खरं, पण त्या वजनावर तो पैसे देत नाही, आत लाख किती, खडे किती, सोनं कोणत्या कसाचं हे बघतो, घट धरतो आणि मग हिशोब करतो. दोन पाटल्या वजनाला सारख्या आणि किमतीत बराच फरक असं सहज होतं. घरातला काटा ते पहिलं वजन सांगून थांबतो, आत काय किती आहे हे त्याला कळतच नाही.

आणि ही बेरीज रोज बदलते. आपण भात, पोळी, भाकरी खातो त्यातली काही साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं, या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. मोठ्या माणसात तो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. म्हणून भात-पोळी बंद केली की पहिल्या आठवड्यातच दीड-दोन किलो उतरतात आणि लोक खूश होतात, पण त्यातला मोठा भाग पाणी असतो, आणि रविवारी बिर्याणी खाल्ली की सोमवारी परत चढलेलं दिसतं तेही मुख्यतः पाणीच. एका रात्रीत कोणाच्या अंगावर दीड किलो चरबी चढत नाही. लोणचं-पापड जास्त झालं, पाळी जवळ आली, नवीन व्यायामाने अंग दुखतंय, या प्रत्येक वेळी शरीर थोडं जास्त पाणी धरतं आणि काटा वर जातो.

## मग बीएमआय? तो तर डॉक्टरही बघतात

बघतात, आणि त्याचा उपयोगही आहे. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, झाला बीएमआय. ६५ किलो वजन आणि १६० सेंटीमीटर उंची असेल तर २५.४. हे सूत्र बेल्जियमच्या ॲडॉल्फ केटले यांचं, १८३० च्या दशकातलं. ते गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ होते, त्यांना समाजातला "सरासरी माणूस" कसा असतो हे आकड्यांत मांडायचं होतं, कोण आजारी आणि कोण धडधाकट हे ठरवायचंच नव्हतं. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं आणि ते जगभर चिकटलं.

हजारो लोकांचा एकत्र अंदाज घ्यायचा असेल तर हे सूत्र स्वस्त आणि सोयीचं आहे. प्रश्न एका माणसाला लावतो तेव्हा येतो, कारण बीएमआयमध्येही वर तेच वजन आहे, आणि ते कशाचं आहे हे त्यालाही माहीत नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने स्पष्ट सांगितलं की एकट्या बीएमआयवरून लठ्ठपणाचं निदान करू नका, जोडीला कंबरेचं माप घ्या किंवा चरबी प्रत्यक्ष मोजा, आणि तिचा अवयवांवर, रोजच्या हालचालींवर परिणाम झालाय का तेही तपासा.

आपल्यासाठी तर यात आणखी एक मेख आहे. जगभरात २५ च्या पुढे जास्त वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा असं धरतात, भारतीयांसाठी मात्र आपले डॉक्टर २३ आणि २५ ही मर्यादा वापरतात, कारण आपल्याकडे त्रास लवकर सुरू होतो. का लवकर, याचं उत्तर शोधण्यात पुण्याचा मोठा हात आहे.

## एक फोटो, दोन डॉक्टर

२००४ मध्ये लॅन्सेटमध्ये एक फोटो छापून आला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, म्हणजे दोघंही कागदावर एकदम ठीक. पण चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! आडनावांच्या पहिल्या अक्षरावरून त्याला वाय-वाय पॅराडॉक्स असं नाव पडलं. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण एका संशोधकाने स्वतःचंच शरीर पुरावा म्हणून जगासमोर ठेवलं.

याज्ञिक आणि त्यांच्या टीमने त्याआधी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला होता. ती बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. बघायला गेलं तर किरकोळ बाळं, पण मोजल्यावर दिसलं की स्नायू आणि बाकी अवयव बरेच कमी आहेत, चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. बारीक दिसणारं पण आतून चरबी धरून ठेवणारं शरीर. आपल्याकडे हात-पाय काडीसारखे आणि पोट पुढे अशी कितीतरी माणसं दिसतात, त्याची सुरुवात काही अंशी आईच्या पोटातच झालेली असते. म्हणून "मी तर बारीकच आहे, मला काय करायचंय हे" हे आपल्याकडे धरून चालता येत नाही.

आणि सगळी चरबी सारखी नसते. कातडीखालची चरबी चिमटीत येते, ती त्या मानाने कमी त्रासाची. दुसरी पोटाच्या आत, आतड्यांभोवती बसते, तिला व्हिसरल फॅट म्हणतात, आपण आतली चरबी म्हणू. ती यकृताच्या अगदी जवळ असते, तिच्यातून सुटणारी फॅटी ॲसिड्स थेट यकृताकडे जातात, तिथे चरबी साठायला लागते, इन्शुलिनचं काम नीट होत नाही, आणि मग शुगर, ट्रायग्लिसराईड (रक्तातली एक चरबी), बीपी सगळं हळूहळू वर सरकतं. सोनोग्राफीत "फॅटी लिव्हर ग्रेड वन" लिहून येतं ना, ते याच साखळीतलं.

आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरातल्या मोठ्या सर्व्हेचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यात बीएमआयने मोजलं तर २८.६ टक्के प्रौढ लठ्ठ निघाले, पण कंबरेच्या मापाने मोजलं तर ३९.५ टक्के लोकांचं पोट धोक्याच्या रेषेपलीकडे होतं. हा जो मधला फरक आहे, त्यातल्या बहुतेकांना स्वतःबद्दल काही कल्पनाच नसणार.

## टेप कशी लावायची

शिंप्याकडे असते ती मऊ टेप पुरते, कोणत्याही स्टेशनरीच्या किंवा शिवणसामानाच्या दुकानात मिळते. पण माप नीट घ्यायला हवं. सकाळी, काही खायच्या आधी, सरळ उभं राहा, दोन पायांत थोडं अंतर. बाजूने बोटं फिरवून सगळ्यात खालची बरगडी शोधा, मग खाली कमरेच्या हाडाची वरची कड शोधा, या दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप गुंडाळायची. टेप कपड्यावरून नाही, अंगावर, सगळीकडून जमिनीला समांतर, आरशात बघून घ्या कारण मागे ती हमखास खाली घसरते. घट्ट आवळायची नाही. पोट आत ओढायचं नाही (सगळे ओढतात, न कळत ओढलं जातं). श्वास सहज सोडा आणि सोडल्यावर आकडा वाचा. दोनदा घ्या, फार फरक आला तर तिसऱ्यांदा.

भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही रेषा धरतात. आणखी सोपं हवं असेल तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक सूचनांमध्येही २०२२ पासून हेच सांगतात. म्हणजे १६० सेंटीमीटर उंचीच्या माणसाची कंबर ८० च्या आत.

पुरुषांनो, "माझी पँट कॉलेजपासून ३४ च आहे" यावर अजिबात जाऊ नका, पँट पोटाच्या खाली सरकलेली असते आणि पोट तिच्या वरून बाहेर आलेलं असतं. बायकांचं वेगळं, परकराला नाडी, लेगिंग्जला इलास्टिक, त्यामुळे कंबर वाढलेली कळतच नाही, कळते ती थेट जुना ब्लाऊज किंवा जीन्स काढल्यावर. तरीही त्याच पँटीचा, त्याच पट्ट्याच्या भोकाचा अंदाज घेणं काही वाईट नाही. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरचा अभ्यास केला, दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरना हृदयरोग जास्त आणि डबलडेकरचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरना कमी असं १९५३ मध्ये मांडलं. मग १९५६ मध्ये त्यांनी या लोकांच्या युनिफॉर्मच्या नोंदी काढल्या, कोणाला कोणत्या कंबरेची पँट दिली होती ते बघितलं, आणि ड्रायव्हरच्या पँटी त्याच वयाच्या कंडक्टरपेक्षा मोठ्या निघाल्या. सत्तर वर्षांपूर्वी पँटच्या मापावरून झालेला हा अभ्यास आजही शिकवला जातो.

## काटा तिथेच आणि कंबर कमी, असं खरंच होतं?

होतं, आणि याचा पुरावा आहे. २००० मध्ये कॅनडातल्या रॉबर्ट रॉस यांच्या टीमने वजन जास्त असलेल्या पुरुषांचे गट केले, त्यातल्या एका गटाला साधारण तीन महिने रोज व्यायाम करायला लावला पण खाणं इतकं वाढवलं की वजन कमी होऊच नये. वजन खरंच तेवढंच राहिलं, पण स्कॅनमध्ये पोटातली आतली चरबी कमी झालेली दिसली आणि दमही वाढला. खाणं न वाढवता व्यायामाने वजन उतरवलेल्या गटाला फायदा आणखी जास्त झाला हेही सांगायला हवं, पण वजन न हलता फायदा शून्य, असं नव्हतं.

इथे एक गैरसमज मात्र काढून टाकू. "वजन हललं नाही म्हणजे मसल वाढले" हे प्रत्येक वेळी खरं नसतं. इंटरनेटवर एक किलो चरबीचा भलामोठा गोळा आणि एक किलो मसलचा छोटासा तुकडा असे फोटो फिरतात, प्रत्यक्षात एक किलो चरबी साधारण १.१ लिटर जागा घेते आणि एक किलो स्नायू ०.९५ लिटरच्या आसपास, फरक आहे पण तेवढा नाही. आणि नुसतं चालून स्नायू किलोकिलोने वाढत नाहीत, वजन उचलूनही ते हळूहळूच वाढतात. म्हणून काटा पण तिथेच, कंबर पण तिथेच, जिना चढताना धाप पण तेवढीच, असं दोन-तीन महिने राहिलं तर खाण्याकडे पुन्हा एकदा प्रामाणिकपणे बघायला हवं. कंबर उतरत असेल तर मात्र काट्याचं मनावर घेऊ नका.

## ताकद मोजायची ती खुर्चीवर

माझ्या मते घरात करता येणाऱ्या सगळ्या मोजमापांत हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि आपल्याकडे कोणी करत नाही. जेवणाच्या टेबलाची साधी, हात नसलेली खुर्ची घ्या, घसरू नये म्हणून भिंतीला टेकवा. मधोमध बसा, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवा, मोबाईलवर ३० सेकंद लावा, आणि पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, किती वेळा होतं ते मोजायचं. हाताचा आधार घेतला तर ते धरायचं नाही.

आईकडून हे करून घेतलं तेव्हा मला धक्का बसला. हात छातीवर ठेव सांगितलं तरी उठताना तिचे हात आपोआप गुडघ्यांवर गेले, तिला कळलंसुद्धा नाही. हात धरून ठेवले तर ती अर्धवट उठली आणि परत बसली. तिचं वजन अनेक वर्षं तेवढंच आहे, रिपोर्ट बऱ्यापैकी, सगळे म्हणायचे काकूंनी तब्येत छान ठेवलीये. मांड्यांतली ताकद कधीच गेलेली होती आणि घरात कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. मग तेच बसणं-उठणं तिचा व्यायाम झाला, आधी खुर्चीवर उशी ठेवून, मग उशी काढून. आता ती बाथरूममधल्या स्टुलावरून उठताना नळाला धरत नाही, आणि मला हे कोणत्याही किलोपेक्षा मोठं वाटतं.

आकडे हवे असतील तर अमेरिकेत ज्येष्ठांसाठी वापरतात तो तक्ता असा, ६० ते ६४ वयात पुरुषांचं १४ पेक्षा आणि बायकांचं १२ पेक्षा कमी आलं तर ते सरासरीहून खाली, ७० ते ७४ मध्ये पुरुष १२ आणि बायका १०. आशियाई लोकांसाठी तज्ज्ञांनी २०१९ मध्ये दुसरी सोपी कसोटी दिलीये, हात न लावता पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पायांची ताकद कमी आहे असं समजायचं. पण तुमचा स्वतःचा मागच्या महिन्याचा आकडा हाच खरा तक्ता, तो वाढतोय ना एवढं बघा.

हाताच्या पकडीचंही तसंच. प्युअर नावाचा मोठा अभ्यास आहे, १७ देशांतली जवळपास १ लाख ४० हजार माणसं, त्यात भारतही होता. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, पकड ५ किलोने कमी असेल तर मृत्यूचा धोका साधारण १६ टक्क्यांनी जास्त दिसला. याचा अर्थ रोज स्प्रिंग दाबत बसायचं असा नाही, पकड ही अख्ख्या शरीराच्या ताकदीची खूण आहे. घरी मोजायला मशीन नसलं तरी कळतं, भाजीच्या दोन भरलेल्या पिशव्या मंडईतून घरापर्यंत न थांबता येतात का, बरणीचं झाकण स्वतः उघडतं का, गॅस सिलेंडर तिरका करून सरकवता येतो का.

आणि जमिनीवर बसून उठणं. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी त्याची १० मार्कांची परीक्षाच केलीये, हात किंवा गुडघा टेकवला की दर टेकीला एक मार्क कमी. आपल्याकडे पूजेला, पंगतीला, भजनाला लोक खाली बसायचे तेव्हा ही परीक्षा रोजच होत होती, आता डायनिंग टेबल आणि सोफा आल्यापासून कित्येकांचं जमिनीशी नातंच तुटलंय. गुडघे दुखत असतील तर मात्र हे करू नका, खुर्चीवरचं पुरेसं आहे.

"आम्ही दिवसभर घरकाम करतो, वेगळा व्यायाम कशाला" असं बायका विचारतात आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, केर-फरशी, धुणं, पाणी भरणं ही हालचालच आहे. पण घरकामात ओझं वाढत जात नाही, वर्षानुवर्षं तेवढंच राहतं, आणि स्नायूंना वाढायला थोडं जास्त ओझं लागतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगते आणि त्याशिवाय किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, हे दुसरं वाक्य सगळे विसरतात.

## दम किती टिकतो

यासाठी जिना. बिल्डिंगचे तीन मजले, नेहमीच्या वेगाने, कठडा न धरता, वर पोचल्यावर एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येतं का बघा. महिन्याने परत तोच जिना, तोच वेग.

नाडी बघायची तर सकाळी उठल्यावर, अंथरुणातच, चहाच्या आधी. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवून ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. ६० ते १०० नॉर्मल धरतात, नियमित चालायला-पळायला लागल्यावर काही आठवड्यांत ती थोडी खाली येते कारण हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. बीपीच्या काही गोळ्यांनीही नाडी कमी होते, तेव्हा गोळी चालू असेल तर या आकड्यावरून फार अर्थ काढू नका. व्यायाम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात नाडी किती खाली येते हेही बोलकं असतं, १९९९ मध्ये आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात ज्यांची नाडी त्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरली त्यांच्यात पुढच्या सहा वर्षांत मृत्यू जास्त दिसले. तो अभ्यास दवाखान्यात ट्रेडमिलवर केलेला होता, तेव्हा घरच्या एका आकड्याने घाबरून जायचं कारण नाही. जिना चढताना छातीत दाब आला, हात किंवा जबडा दुखला, चक्कर आली तर मात्र हे मोजमाप वगैरे सोडा आणि सरळ डॉक्टर गाठा.

## रक्ताचे रिपोर्ट आणि बीपी

एचबीएवनसी म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ आणि वर मधुमेह. व्यायाम सुरू करून तीन महिन्यांत ६.१ चं ५.८ झालं आणि वजन अर्धा किलोच उतरलं, तर ती मोठी कमाई आहे, डॉक्टरही खूश होतात. एक लक्षात ठेवा, अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा वर दिसू शकतो, आणि आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आहे, म्हणून हिमोग्लोबिनही सोबत बघावं. लिपिडमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत, आपल्या लोकांचं ट्रायग्लिसराईड जास्त आणि चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल कमी असं दुखणं असतं, ट्रायग्लिसराईड १५० च्या खाली, एचडीएल पुरुषांत ४० च्या आणि बायकांत ५० च्या वर हवं.

बीपी घरी मोजत असाल तर आधी पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि मशीन चालू असताना बोलायचं नाही. बाजारातून आल्या आल्या मोजलेला आकडा धरू नका.

## "पण माझं घड्याळ आणि स्मार्ट काटा सगळं सांगतात की"

घड्याळ नाडी बऱ्यापैकी नीट सांगतं. कॅलरीचं मात्र सोडून द्या. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात उपकरणं तपासली, त्यातल्या सहांची नाडी ५ टक्क्यांच्या फरकाने बरोबर आली, पण खर्च झालेल्या कॅलरीत सगळ्यात चांगल्याचीही सरासरी २७ टक्क्यांची चूक होती. घड्याळ म्हणतं ४०० कॅलरी गेल्या म्हणून त्या हिशोबाने वडापाव खाल्ला तर फसगत नक्की.

स्मार्ट काटा पायांतून अगदी हलका करंट सोडतो आणि त्याला किती अडथळा होतो त्यावरून चरबीचा अंदाज बांधतो. अंगात पाणी कमी-जास्त असेल तर अंदाज बदलतो, पायाचे तळवे कोरडे असले तरी बदलतो. वापरायचा तर रोज एकाच वेळी वापरा आणि दोन-तीन महिन्यांचा कल बघा, आजचा आकडा नाही. "बॉडी एज ५२" वगैरे दाखवतात त्याने झोप उडवून घेऊ नका.

## एवढं सगळं मोजत बसायला वेळ कोणाकडे आहे?

नाहीये, आणि एवढं लागतही नाही. महिन्यातून एकदा कंबर आणि खुर्ची, दोन्ही मिळून पाच मिनिटं. जिना तर रोजचाच. रक्ताचं डॉक्टर सांगतील तेव्हा. कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात दोन आकडे लिहून ठेवा, दूधवाल्याचे खाडे लिहितो तसेच, ॲपची गरज नाही. बायकांनी पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात मोजलं तर पाण्याचा गोंधळ कमी होतो. आणि मोजण्यानेच कोणाला त्रास होत असेल, दिवस दिवस त्याच आकड्याचा विचार चालत असेल, जेवण टाळलं जात असेल, तर टेपही बाजूला ठेवा आणि कोणाशी तरी बोला, डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी.

## इंजेक्शन घेणाऱ्यांनी हे जास्तच बघायला हवं

ही औषधं काम करतात, ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठी ती मोठा आधार आहेत आणि ती घेण्यात लाज वाटायचं काही कारण नाही. पण उतरलेलं सगळं वजन चरबीचंच नसतं. अभ्यासांत दिसलंय की औषधागणिक उतरलेल्या वजनातला साधारण पाव ते ४० टक्के भाग चरबी सोडून इतर गोष्टींचा असतो, त्यात स्नायूही आले. नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं तरी हेच होतं. आधीच स्नायू कमी असलेल्या आपल्या शरीराला हे परवडत नाही. म्हणून इंजेक्शन चालू असताना ताटात डाळ, उसळ, दही, अंडी, मासे यातलं काहीतरी दर जेवणात हवंच, भूक मेली म्हणून चार घास वरण-भातावर दिवस काढू नका, आणि खुर्चीचा आकडा दर महिन्याला लिहा. किलो उतरतायत आणि खुर्चीचा आकडाही उतरतोय, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तो दाखवा.

## मग काटा माळ्यावर टाकायचा का?

नाही. काही ठिकाणी वजनच बघावं लागतं. लहान मुलांचं अंगणवाडीत वजन करतात ते चुकवू नका, गरोदरपणातही वजनावर लक्ष लागतं. ज्यांचं वजन खूप जास्त आहे आणि गुडघे गेलेत त्यांना थोडे किलो उतरले तरी चालताना फरक जाणवतो, कारण पावलागणिक गुडघ्यावर येणारा दाब उतरलेल्या वजनाच्या कितीतरी पट कमी होतो. हार्ट फेल्युअरच्या पेशंटना डॉक्टर रोज सकाळी वजन करायला सांगतात, दोन-तीन दिवसांत दोन किलो चढलं, पाय सुजले, आडवं पडल्यावर धाप लागली तर अंगात पाणी साठतंय, लगेच फोन करायचा. टीबीच्या पेशंटसाठी तर वजन वाढणं ही चांगली बातमी असते, झारखंडमध्ये झालेल्या अभ्यासात ज्यांचं वजन उपचारांच्या पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका खूपच कमी दिसला.

आणि काही न करता वजन उतरायला लागलं तर ते अजिबात सोडून देऊ नका. डाएट नाही, व्यायाम नाही, आणि सहा ते बारा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं तीन किलोहून जास्त, तर डॉक्टरांना दाखवा, शुगर, थायरॉईड, टीबी आणि त्यांना जे वाटेल ते तपासून घ्या, मग शेजारीपाजारी कितीही म्हणोत की बारीक झाल्यावर छान दिसतेस.